रबरी केळं आणि रावेरचे नाना

मोटरबोटीच्या मागे दोरी, दोरीच्या टोकाला हवा भरलेलं लांबुळकं पिवळं रबर आणि त्यावर नारिंगी जाकिटं घालून ओळीने बसलेली माणसं. कोकणच्या किनाऱ्यावर याला बनाना राईड म्हणतात. मागच्या नाताळच्या सुट्टीत दिवेआगरला अशा एका केळावर सहा जण बसले होते. त्यातले पाच, नाना धरून, रावेर तालुक्यातले होते आणि पाचांच्याही शेतात तेव्हा केळी उभी होती. सहावे नानांचे धुळ्याचे व्याही. त्यांचा कापूस.

रावेरहून दिवेआगर पाचशे किलोमीटरच्या वर. धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, पनवेल, मग २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग, माणगाव, म्हसळा. रात्रभर गाडी हाकून, कंबर धरून माणूस उतरला, आणि समुद्र बघून काय केलं? पैसे मोजून केळावर बसला.

हसू नये. नानांची बाजू समजून घ्यावी. (हे नाना कोणी एक नव्हेत. खान्देशात दर गल्लीत एक सापडतो.) रबरी केळाला करपा येत नाही. जानेवारीत थंडी वाढली की खऱ्या केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, निसवण अडते. रबरी केळं बारा महिने पिवळंच, आणि तेच त्याचं भांडवल. सीएमव्हीचा विषाणू शिरला म्हणून ते मुळासकट उपटून बांधावर फेकावं लागत नाही. ठिबक नको, खत नको, रात्री बाराला वीज येईल म्हणून मोटारीपाशी जागायला नको. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रबरी केळं कुठल्या मातीतलं, हे कोणी विचारतही नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत शेवटी. बोटवाला खोल पाण्यात झटकन वळण घेतो, केळं मुद्दाम उलटं पाडतो आणि सगळे किंचाळत पाण्यात पडतात. त्या पडण्याचेच पैसे असतात. नानांची केळी दर मे-जूनच्या वादळात फुकट पडते. घड लागलेली खोडं रांगेने आडवी होतात, तलाठी येतो, फोटो काढतो आणि जातो. विमा मिळायचा तर पारा आणि वारा महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावरचा धरायचा, बागेतला नाही. बाग त्या केंद्रापासून लांब असेल तर तो बागेचा दोष. रबरी केळाचा दर फळीवर खडूने लिहिलेला असतो आणि तोच द्यावा लागतो. रावेरातही भाव जाहीर होतो, बऱ्हाणपूरचा भावही सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण व्यापारी बांधावर येऊन घडाला बोट लावतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "माल हलका आहे, नाना." तेवढ्या चार शब्दांत क्विंटलमागे काहीशे रुपये उडतात. अकरा-बारा महिने जपलेलं पीक, कापलं नाही तर झाडावरच पिकणार, पिकलं की कोणी विचारणार नाही, म्हणून नाना मान डोलावतात. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय, आणि 'हलका' म्हणजे नेमका किती ग्रॅमने हलका, हे आजवर एकाही मायच्या लालाने सांगितलेलं नाही!

असो. विषय पर्यटनाचा आहे.

नाना दिवेआगरला पहिल्यांदा गेले १९९८ साली. आदल्या नोव्हेंबरात तिथल्या सुपारीच्या वाडीत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला होता. सोनं म्हटल्यावर जळगाव जिल्ह्यातला माणूस घरी कसा बसेल? त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि तोरणमाळ जागचं न हलता नंदुरबारात गेलं. थंड हवेचं एकुलतं एक ठिकाणही परजिल्ह्यात गेल्यावर माणसाने समुद्रच गाठावा, हा व्याह्यांचा युक्तिवाद आजही ऐकायला मिळतो.

तेव्हा दिवेआगरात हॉटेल शोधावं लागे. नानांना एका वाडीतल्या घरात पडवी मिळाली. सारवलेलं अंगण, वाळत घातलेली सुपारी, विहिरीवर आंघोळ, जेवायला घरातल्या आजी जे करतील ते. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगायचं. नाना परत येऊन सहा महिने तेच सांगत होते: काय शांतता, काय माणसं! निघताना त्यांनी आजींना फक्त एक सुचवलं होतं. खाली गादीवर कंबर धरते, पलंग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला पलंग होता. नाना म्हणाले, गरम पाण्याचं तेवढं बघा. मग गिझर आला, मग एसी, मग गाडी लावायला जागा, मग पोरांसाठी पोहण्याचा तलाव. समुद्रापासून पाच मिनिटांवर पोहण्याचा तलाव! समुद्राचं पाणी खारट असतं, अशी तक्रार नानांच्या नातवाने केली होती म्हणे.

मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा वितळवला गेला. त्या सालापासून नानांनी सहल बंद केली. "सोनंच नाही, तर बघायचं काय?" चार किलोमीटरचा किनारा होता तिथेच होता. त्याचं वजन कोणी केलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली आणि नानांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

मधल्या काळात, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे नाव होतं. त्या सुपारीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडं मोडली. आडवी पडलेली बाग कशी दिसते, हे कोकणाबाहेर कोणाला कळत असेल तर ते रावेर-यावलच्या माणसाला. पुन्हा आले तेव्हा नानांनाही कळलं. गाडीतून उतरून ते मोकळ्या वाडीकडे क्षणभर बघत राहिले आणि मालकाला म्हणाले, "आता एवढी जागा झालीच आहे, तर इथं चार खोल्या काढा." मालक काय बोलणार? सुपारी लावली तर उत्पन्नाला पाच-सात वर्षं थांबायचं. खोली बांधली की पुढच्या शनिवारी भरते.

खोल्या बांधायच्या म्हणजे भरतीरेषा आली. १९९१ च्या सागरी किनारा नियमनाच्या (सीआरझेड) अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमात आणली आणि गावाकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकाम नाही म्हणून सांगितलं. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी ते २०० मीटर ५० वर आणले. समुद्र वर्षानुवर्षं जमीन खात पुढे येतो असं शास्त्रज्ञ सांगतात. कागदावरची मनाई मात्र एका फटक्यात दीडशे मीटर मागे सरते. दाट वस्ती म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं, तीही २०११ च्या जनगणनेची. ही मोजणी नाताळच्या रविवारी बनाना राईडच्या रांगेत केली असती, तर कोकणातलं एकही गाव विरळ निघालं नसतं.

एवढं सगळं झाल्यावर नाना वाळूत उभे राहून कमरेवर हात ठेवून म्हणतात, "आता पयलेसारखं नई राह्यलं, भो!"

आणि जेवायला बसल्यावर शेवभाजी मागतात. इथे मात्र या सदरकाराचा तोल जातो. समोर ताजी सुरमई, शाकाहाऱ्याला बिरड्याची उसळ, सोलकढी, आणि हा माणूस सावद्याच्या ढाब्यावर रोज मिळते ती शेवभाजी पाचशे किलोमीटरवर मागतो! मागतो म्हणून फळ्यांवर 'खान्देशी शेवभाजी' झळकते. ती खाऊन बघावी. काळ्या मसाल्याला भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं लागतं. इथे ओलं पडतं. वरून चिमूटभर गूळ. शेव जाड आणि तिखट हवी, ती ताटात वाढताना रश्शात सोडायची. इथे भेळेची बारीक शेव पातेल्यातच घालतात. टेबलावर येईपर्यंत तिचा गिलावा होतो. नाना खातात, "मज्जा नाही" म्हणतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागवतात. आजींचे मोदक आता फोटोत आहेत, स्वागतकक्षात, काचेखाली.

निघायच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर केळी ठेवली होती. नानांनी एक उचललं, देठ बघितलं, अंगठ्याने दाबलं.

"हे आपलं आहे," ते व्याह्यांना म्हणाले.

"वाशी मार्केटमधून येतात," पोऱ्या म्हणाला. डझनाचा भावही त्याने सांगितला.

नानांनी खिशातून पेन काढलं, कागदी रुमालावर डझनाचे किलो केले, किलोचे क्विंटल केले आणि मागच्या कापणीचा आकडा शेजारी मांडला. दोन्ही आकड्यांकडे बराच वेळ बघून रुमाल घडी करून खिशात टाकला. बाहेर बोटवाला रबरात हवा भरत होता.

"नाना, अजून तास आहे," व्याही म्हणाले. "एक चक्कर होऊन जाऊ द्या."

"विचारा त्याला, दर कमी करतो का," नाना चपला घालत म्हणाले. "माल हलका आहे म्हणा."