पौर्णिमेची सुपारी

बदनापूर तालुक्यातल्या एका गावाची जत्रा हनुमान जयंतीला भरते. गावाचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही. पुढं एका उपरण्याचा विषय येणार आहे, आणि उपरण्याचे मालक अजून जत्रा कमिटीचे खजिनदार आहेत.

गुढी उतरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार माणसं जीपमध्ये बसली. सरपंच, खजिनदार, निवृत्त गुरुजी आणि जीपवाला पोरगा. जायचं होतं नारायणगावला, तमाशाची सुपारी द्यायला. वाट अडीचशे किलोमीटरच्या वर. इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या शेतात जो गाण्याचा मेळा भरतो, त्याची तिकिटं कोण गाणार हे जाहीर होण्याआधीच संपतात म्हणे. मराठवाड्यात एवढा भाबडेपणा चालत नाही. इथं बैल घ्यायचा तरी दात बघतात.

संभाजीनगर, नेवासा फाटा, नगर. प्रत्येक टोलनाक्याला खजिनदार वहीत आकडा लिहीत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक त्यांचा चेहरा लहान होत होता. गुरुजी मागच्या सीटवरून तमाशाचा इतिहास सांगत होते. पठ्ठे बापूराव म्हणजे मुळात रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, कुलकर्णीपद सोडून पवळाबाईंच्या संगतीनं फडात उभे राहिले, इथपर्यंत सरपंचांनी हुंकार दिला. पुढं ते घोरू लागले.

जाग आली ती विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या नावानं. विठाबाई दिवस भरलेले असतानाही बोर्डावर नाचत होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पदर खोचून पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, अशी हकिकत तमाशाच्या जगात आजही सांगतात. २००२ साली त्या गेल्या. आता राज्य सरकार तमाशा कलावंतांना त्यांच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. जीपमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरपंच म्हणाले, "आन आपण पाण्याचा टँकर उशिरा आला म्हणून ग्रामसभा रद्द करतो."

आणे घाट उतरल्यावर फोनच्या नकाशानं जवळची वाट दाखवली आणि जीप भलतीकडंच, खोडदला निघाली. शेतांच्या मधोमध आभाळाकडं तोंड करून पालथ्या न घातलेल्या कढयांसारख्या प्रचंड जाळीदार तबकड्या उभ्या. ही जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण: एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा एकूण ३०, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. तारे, आकाशगंगा यांच्याकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. पोरग्यानं लगेच टेपचा आवाज कमी केला. "ऐकत असतील ना ते." गुरुजींनी आवाजाच्या लहरी वेगळ्या आणि रेडिओच्या वेगळ्या हे समजावून सांगितलं. पोरग्यानं आवाज कमीच ठेवला. बरोबरच होतं ते. ज्या पंचक्रोशीत कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज टिपायला शास्त्रज्ञ बसलेत, तिथंच ढोलकीची बाजारपेठ भरते, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या पडतात. बाहेर फलक, फलकावर कलावंतांचे फोटो, आत खुर्च्या आणि तारखांची डायरी. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे, मालती इनामदार, भिका-भीमा सांगवीकर, चंद्रकांत ढवळपुरीकर. एकेका नावापुढं सरपंच थांबत होते, जणू वरातीत सगळ्यांचे सोयरे ओळखायचे आहेत. कांताबाई २०२१ च्या मे महिन्यात करोनानं गेल्या. त्या आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात जत्राच भरल्या नव्हत्या, राहुट्याही नव्हत्या. त्यांचं नाव मात्र फडाच्या फलकावर आहे तिथंच आहे.

एका राहुटीत चौघं बसले. पाणी आलं, चहा आला.

"तारीख?" व्यवस्थापकांनी डायरी उघडली.

"चैत्र पौर्णिमा."

"पौर्णिमेला सगळ्यांचाच मारुती जन्मतो, मामा. ती तारीख कधीच गेली. असती तरी तुम्हाला झेपली नसती."

गुरुजी सरसावले. समर्थ रामदास आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांनी सातारा, सांगली, कोल्हापूरकडं अकरा मारुती स्थापले. म्हणजे या बाजूला मारुतीचा एवढा प्रसार झाला तो आमच्या माणसामुळं, तेव्हा दरात काही सूट मिळावी. व्यवस्थापकांनी पूर्ण ऐकून घेतलं. "गुरुजी, अकरा मारुती म्हणजे अकरा जत्रा. त्यामुळंच तर भाव चढलाय."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसावर बोलणी आली. आता खजिनदारांचा हातखंडा. उभा जन्म बैलबाजारात गेलेला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, व्यवस्थापकांच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबायला सुरुवात केली. बाजारात बोटांवर सौदा होतो, शेजारच्याला कळत नाही. व्यवस्थापक थोडा वेळ गोंधळून हात दाबून घेत राहिले. मग उपरण्याखाली डोकावून म्हणाले, "मामा, किती ते तोंडानं सांगा की. आम्ही काय बैल आहोत का?" मागं फडातला एक उंच, सडपातळ माणूस पान लावत बसला होता. तो ठसका लागेपर्यंत हसला.

शेवटी इसार दिला. करारात रकमेखेरीज बरंच होतं: पाण्याचा टँकर, उतरायला शाळा, शिधा, सकाळच्या हजेरीचा खेळ वेगळा. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात, ट्रक, जनरेटर, स्वयंपाकी सगळं धरून. सरपंचांनी विचारलं, मुली किती? पोरग्यानं विचारलं, सिनेमाची गाणी कुठली? गुरुजींनी विचारलं, वग कुठला? व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं आणि गुरुजींना दुसरा चहा मागवला.

जत्रेच्या दिवशी जालन्याकडच्या एप्रिलला शोभेल असं ऊन होतं. शाळेच्या व्हरांड्यात ढोलकीवाला ढोलकीला ओलं फडकं गुंडाळून बसलेला. कोरड्या हवेत कातडं ताणतं आणि सूर चढतो, मग गळ्याला त्याच्या मागं पळावं लागतं. हलगीवाल्याचं बरोबर उलटं. हलगी चांगली कडाडावी म्हणून एरवी ती जाळावर शेकावी लागते. इथं त्यानं ती पाच मिनिटं शाळेच्या पत्र्यावर ठेवली आणि टिपरी मारून पाहिली. गावातली कुत्री उठून बसली.

तो पान लावणारा उंच माणूस खजिनदारांच्या शेजारी येऊन टेकला. गावात काय नवीन, रस्ता कधी झाला, पाणी कुणी अडवलं, अशा चौकशा केल्या. खजिनदारांना माणूस फार आवडला. "घाम लै यतोय मामा, उपरणं देता का जरा?" खजिनदारांनी दिलं.

रात्री आठला गण झाला. गणपतीनं वेळ खाल्ला नाही, कारण ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद हे त्यालाही ठाऊक असावं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तमाशाची पहाट काढून घेतली. पूर्वी वग रंगात यायचा तेव्हा कोंबडा आरवायचा. आता दोन तासांत गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग बसवायचा, म्हणजे लग्नाचं वऱ्हाड रिक्षात बसवण्यासारखं.

गवळण सुरू झाली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना पेंद्यानं अडवलं आणि दाण मागितलं. "हा कसला टोलनाका?" मावशीनं विचारलं. मावशी म्हणजे तोच उंच माणूस, नऊवारीत, गालावर लाली. पेंद्यानं रक्कम सांगितली. मावशीनं कमरेचं उपरणं सोडलं, पेंद्याच्या हातावर टाकलं, खालून बोटं दाबत म्हणाली, "तोंडानं नको सांगू, शेजारच्या गावाला भाव कळंल."

एक क्षण शांतता. मग कुणीतरी उपरण्याचा काठ ओळखला. मैदान एवढं हसलं की पुढचे दोन संवाद वाहून गेले. खजिनदार पहिल्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी. उठावं तर सगळे बघणार, बसावं तरी बघणारच. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून बोर्डावर पाठवली. माईकवरून जाहीर झालं, बक्षीस कमिटीकडून. "माझ्याकडून, माझ्याकडून!" खजिनदार ओरडले. तीही दुरुस्ती जाहीर झाली.

मग सिनेमाची गाणी. पोरग्यानं शिट्ट्या मारल्या, सरपंचांनी मोबाइलवर चित्रण केलं. वग सुरू झाला तेव्हा दहाला सात कमी होते. दहाला माईक गेला. मागची पोरं उठून निघाली. पण फडातले एक म्हातारे कलावंत, राजाच्या पोशाखात, बोर्डाच्या टोकाशी आले आणि नुसत्या गळ्यानं पुढचं पद धरलं. मागं ढोलकी, तुणतुणं, झांज. मागचे लोक पुढं सरकले, बायका पोरांना गप्प करू लागल्या. गुरुजींनी चष्मा पुसला आणि घातलाच नाही. वीसेक मिनिटं वग चालला. राजा कोण, त्याचं पुढं काय झालं, हे गुरुजींखेरीज कुणी विचारलं नाही.

सकाळी हजेरी उरकून ट्रक भरले जात होते. पुढची तारीख दुसऱ्या जिल्ह्यात होती, संध्याकाळच्या आत पोचायचं होतं. उंच माणूस लेंग्यात, मोसंबी सोलत खजिनदारांकडं आला. कानामागं थोडी लाली राहिली होती. त्यानं उपरणं घडी करून दिलं. खजिनदारांनी घडी उलगडली. मधोमध पावडर, आणि कोपऱ्यावर लिपस्टिकचे पूर्ण ओठ.

"मामा, धुवायला वेळच नाही मिळाला."

खजिनदारांनी घराच्या दिशेनं पाहिलं, मग त्याच्याकडं. "एक चिठ्ठी लिहून दे," ते म्हणाले. "आन सही कर. खरं नाव टाक, पुरुषाचं."