चौऱ्याहत्तर म्हणजे चौऱ्याहत्तर

मराठी माणूस सगळं मोजतो. सोसायटीचा मेंटेनन्स, शेजाऱ्याची पार्किंगची इंचभर जास्तीची जागा, पोरीचे दहावीचे टक्के दशांशासकट. कोंबडी शिजली का, हे मात्र तो सुरीने टोचून आणि डोळे बारीक करून ठरवतो.

मग पाहुण्यांना सांगतो, 'जरा चावून खा.'

घरोघरी ओटीजी आले, एअर फ्रायर आले, गच्चीवर कोळशाच्या शेगड्या आल्या. गटारी असो की ३१ डिसेंबर, अख्खी कोंबडी भाजायची हौस आली. हौसेपाठोपाठ भीती आली: आतून कच्ची राहिली तर? या भीतीवर आपल्याकडे उपाय एकच. अजून वीस मिनिटं ठेवा.

कोंबडी निर्जंतुक होते. आणि दुसऱ्यांदा मरते.

मांसाचा थर्मामीटर कच्चं राहू नये म्हणून घ्यायचा, असं जाहिरात सांगते. हे अर्धंच खरं. तो घ्यायचा तो थांबायचं कधी हे कळावं म्हणून. कच्चं खायची आपली परंपरा नाहीच. आपली परंपरा शिक्षा दिल्यासारखं शिजवण्याची.

तर आकडे. अमेरिकेचं कृषी खातं म्हणतं: कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस, खिमा ७१, मटणाचा किंवा डुकराचा अखंड तुकडा ६३ आणि वर तीन मिनिटं विश्रांती. ब्रिटनवाले म्हणतात, ७० अंशांवर दोन मिनिटं राहू द्या. खरं कोण? दोघंही. जंतू नुसत्या तापमानाने मरत नाहीत, तापमान आणि वेळ मिळून मरतात. ७४ ला क्षणात खेळ संपतो, थोडं खाली मिनिटं लागतात.

अर्धा तास कुठेच लागत नाही. तो फक्त आपल्याकडे लागतो.

खिम्याला तुकड्यापेक्षा जास्त आच का? तुकड्याचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा यंत्रातून गेला की बाहेरचे आत जातात आणि सगळीकडे सारखे वाटले जातात. देशात इतकी समान वाटणी दुसऱ्या कशाचीच झालेली नाही.

'पण आम्हाला रंगावरून कळतं ना!' अजिबात कळत नाही. मांसाचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनावर ठरतो आणि ते फार लहरी असतं. खिमा कधी सुरक्षित होण्याआधीच तपकिरी दिसतो. कोवळ्या कोंबडीत हाडाच्या मगजातला रंग पाझरतो आणि पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाजवळ गुलाबी राहते. आपल्या दुकानातली बहुतेक ब्रॉयलर कोंबडी कोवळीच असते.

म्हणजे घाबरवते शिजलेली, आणि फसवतो कच्चा. राजकारणाबाहेरही हे चालतं तर.

डुकराची गंमत वेगळीच. २०११ पर्यंत अमेरिकेत अखंड तुकड्यालाही ७१ अंशांचा दंडक होता. त्या वर्षी तो ६३ वर आणला. एका रात्रीत कोट्यवधी लोकांचं पोर्क रसदार झालं. बदलला फक्त कागद.

आता विक्रेत्यांना न आवडणारी गोष्ट. तुम्ही घरी फक्त रस्सा करत असाल, तर हे यंत्र घेऊ नका. उकळता रस्सा शंभरच्या आसपास असतो, शिट्टीचा कुकर १२० च्या घरात. तिथे जंतूंचं तेरावंही होऊन गेलेलं असतं. मटण मऊ झालं का, हा तिथला प्रश्न. आणि त्याचं उत्तर वेळ देते. चिवट तंतूंमधलं कोलॅजन सावकाश विरघळतं, तेव्हा कुठे खांद्याचा तुकडा हाडापासून सुटतो. ६३ अंशांवर तोच तुकडा सुरक्षित असतो आणि चपलेच्या तळासारखा चिवटही असतो.

यंत्र म्हणेल, खा. दात म्हणतील, तूच खा.

मग लागतो कोणाला? जाड तुकडा कोरड्या आचेवर भाजणाऱ्याला. ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी ठेवणाऱ्याला, नाताळात पोर्क रोस्ट करणाऱ्या गोंयकाराला, न्यू जर्सीत थँक्सगिव्हिंगची टर्की अंगावर घेतलेल्या आणि मनातून वडापाव हवा असलेल्या मराठी कुटुंबाला. बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या मटणवाल्याकडे खर्च करावेत.

अजून वाचताय? म्हणजे ओव्हन आहे.

पहिला इशारा: ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही. हसू नका, 'आहे ना घरात एक' म्हणणारे असतात. तो ४२-४३ अंशांच्या पुढे जात नाही. जिवंत, धडधाकट कोंबडीचंच तापमान ४१-४२ असतं. म्हणजे तो फार तर एवढंच सांगेल, की कोंबडीला बरं आहे.

दुसरा इशारा: पिस्तूल. २०२० मध्ये सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावत होते, ते. त्याचाच स्वयंपाकघरातला भाऊ बाजारात मिळतो. तवा किती तापला हे बघायला उत्तम. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. कातडी १५० अंशांवर कुरकुरीत आणि आत हाडाशी ५०, हे त्याला कळणारच नाही.

वरवर बघून मत देणारे घरात आधीच पुरेसे आहेत.

तिसरा प्रकार तबकडीवाला. दिसतो रुबाबदार, सेल लागत नाही, किंमत कमी. आत दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते आणि ती टोकापासून पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत तापमान गोळा करते. आता तंगडीची जाडी किती? निम्मी सळई मांसात, निम्मी हवेत. म्हणजे तो कोंबडी आणि स्वयंपाकघर यांची सरासरी काढतो.

सरासरीने पोट बिघडतं ते पूर्णच.

चौथा प्रकार अमेरिकी टर्कीत आधीच टोचून येतो. मांस तापलं की बटण टुणकन वर उडी मारतं. सोय केवढी! पण हे बटण बहुधा ८० च्या पुढे गेल्यावरच उडतं. तोवर छातीच्या मांसाचा भुगा झालेला असतो. वरातीमागून घोडं, तेही स्प्रिंग लावलेलं.

पाचवा प्रकार वायरवाला. सुई मांसात, वायर ओव्हनच्या दारातून बाहेर, डबा ओट्यावर. ठरवलेला आकडा आला की बोंब मारतो. अख्ख्या कोंबडीला हा खरोखर कामाचा. बिघडते ती वायर, म्हणून सुई वेगळी विकत मिळते का ते आधी विचारा. विक्रेता 'मिळेल की' म्हणाला, तर 'दाखवा' म्हणा.

तिथेच निम्मे विक्रेते गळतात.

सहावा प्रकार बिनवायरीचा. फोनवर आलेख, फोनवर सूचना, फोनवर 'तुमचं मांस आता विश्रांती घेत आहे'. पण ओव्हन म्हणजे धातूची पेटी. आतून ब्लूटूथची हाक बाहेर यायची ती धडपडतच. शिवाय सुईच्या आत बॅटरी आणि सर्किट असतं. खुणेपर्यंत मांसात खुपसली नाही, तर कोंबडीबरोबर तीही भाजून निघते. चार तंगड्यांसाठी अ‍ॅप, खातं, पासवर्ड आणि अपडेट. अंगापेक्षा बोंगा मोठा.

आणि कोंबडी तुमच्यापासून आहे किती लांब? हॉलमधून ओट्यापर्यंत.

मग घ्यायचा कोणता? साधा, हातात धरायचा, घडीच्या सुईचा डिजिटल. टोचला, वाचला, काढला. बघायच्या गोष्टी मोजून चार.

एक, वेग. पाकिटावर 'इन्स्टंट' सगळेच छापतात. काहींचा इन्स्टंट दहा सेकंदांचा असतो. शेगडीवर हात धरून दहा सेकंद मोजून बघा, तुम्हीच आधी शिजाल. थर्मोकपलवाले दोन-तीन सेकंदांत आकडा देतात. थर्मापेन वन नावाचा शंभर डॉलरच्या आसपासचा पेन तर एका सेकंदात. तो घ्यायलाच हवा असं नाही, पण चांगलं म्हणजे किती चांगलं, हे त्यावरून कळतं.

दोन, अचूकता. इथे सगळ्यात मोठी धूळफेक. पडद्यावर ७३.६ दिसतं, दशांश बघून माणूस विरघळतो. दशांश दाखवणं वेगळं आणि दशांशापर्यंत खरं असणं वेगळं. पाकिटावर अधिक-उणे किती लिहिलंय ते बघा. एक अंश असेल तर उत्तम. काहीच लिहिलं नसेल तर तो दशांश निव्वळ दागिना आहे.

तीन, टोक. बारीक हवं आणि मापक अगदी टोकाशीच हवा. जाड सळईने भोक मोठं पडतं, आणि पातळ तुकड्यात नेमका मध्य सापडत नाही.

चार, पाणी. यंत्र धुवावं लागतं. कच्च्या कोंबडीत गेलेली सुई तशीच शिजलेल्या तुकड्यात घालणं म्हणजे जंतूंना परतीचं तिकीट काढून देणं. पाकिटावर आयपी ६७ असेल, तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडूनही ते तगतं. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल, तर ते लिहिणाऱ्याची हिंमत दाद देण्याजोगी.

आणि उणे ५० ते ३०० अंशांची पट्टी बघून हुरळून जाऊ नका. उणे ५० ला कोण काय भाजतंय?

सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण कुठे आहे, हेही बघा. आपला ताप फॅरनहाइटमध्ये, ऊन सेल्सिअसमध्ये. १०२ म्हणजे डॉक्टर, ४५ म्हणजे नागपूर. हे बटण मागच्या बाजूला सहज दाबलं जाईल असं असेल, तर एखाद्या रात्री तुम्ही ७४ बघून कोंबडी बाहेर काढाल आणि ते निघेल फॅरनहाइट. म्हणजे २३ सेल्सिअस.

ते कोंबडीचं नव्हे, एसीचं तापमान.

यंत्र आणलं की पहिल्याच दिवशी परीक्षा घ्या. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा, वर थोडं गार पाणी, ढवळा, सुई मधोमध धरा, काचेला लावू नका. शून्य दिसायला हवं. तीन दिसलं, तर पावती शोधा.

काही जण उकळत्या पाण्यात तपासतात. मुंबईत ठीक. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच; तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ ला. यंत्र ९८ दाखवतं म्हणून पुणेकर दुकानदाराशी भांडायला गेला, तर चूक यंत्राची नाही.

दुकानदारही पुण्याचाच असेल, तर तो हे सांगणार नाही. दुकान बंद करून जेवायला जाईल.

सुई घालायची कुठे? सगळ्यात जाड जागी. कोंबडीत मांडी आणि छाती जिथे मिळतात तिथे आतल्या बाजूने, हाडाला न लावता, चरबीत न घालता. पातळ कबाब असेल तर वरून नको, बाजूने. आणि एकाच जागी टोचून निकाल देऊ नका, दोन-तीन ठिकाणी बघा. सगळ्यात कमी आकडा खरा धरा. एक्झिट पोलवाले नेमकं उलट करतात.

मोठा तुकडा बाहेर काढल्यावरही आतून दोन-तीन अंश तापतच राहतो. जाड रोस्ट तर पाचपर्यंत चढतो. म्हणून थोडं आधी काढायचं, झाकून ठेवायचं आणि ठरलेला आकडा गाठला का, ते परत टोचून बघायचं. ही दहा मिनिटं कोणी आत बोट घालून 'बघू, झालं का' म्हणू नये. हे अवघड आहे, माहीत आहे.

यंत्र मांसाचं म्हणून विकतात, पण वड्याचं तेल १८० ला आलं का, विरजणाचं दूध ४०-४५ ला उतरलं का, पावाचा गाभा ९५ पर्यंत गेला का, हेही तेच सांगतं. पैसे वसूल! फक्त त्यासाठी दुसरं घ्या. कोंबडीतली सुई विरजणात गेल्याचं आईला कळलं, तर घरातलं तापमान कुठल्याच पट्टीवर मावणार नाही.

एवढं सगळं करून यंत्र घेतलं, तपासलं, टोचलं. आकडा आला ७४. दुसऱ्या जागी ७५, तिसऱ्या जागी ७६. आता सांगा, कोंबडी बाहेर काढाल? की हाडाजवळचा गुलाबी रंग बघून घरातलं एक मत 'नको' पडेल, दुसरं 'कशाला विषाची परीक्षा', आणि तिसरं काही न बोलता ओव्हनचं दार लावून टाकेल?

आकड्यानंतरही जिथे मतदान होतं, त्या घराने थर्मामीटरवर पैसे घालवू नयेत. त्याऐवजी हिरवी चटणी दुप्पट वाटून ठेवावी.

लागणारच आहे.