तिन्ही शिफ्टचा नातू

भिलाईत नोकरी लागली की माणूस शिफ्टमध्ये जगायला शिकतो. मी पस्तीस वर्षं जगलो. फर्स्ट, सेकंड, नाइट, आणि आठवड्याला एक सुट्टी. आमच्या नातवाला तीही नाही. वय वर्षं एक, महिने नऊ. हजेरी सकाळी सातला, दिवाणखान्यात, सतरंजीवर, त्रेचाळीस इंची टीव्हीसमोर. दुधाच्या पेल्याबरोबर फर्स्ट शिफ्ट. मऊभाताबरोबर सेकंड. रात्री झोप येत नाही म्हणून नाइट. ती का येत नाही, हे आमच्या घरात विचारायचं नसतं. ओव्हरटाइम वेगळा. पाहुणे आले की, सूनबाईंची ऑनलाइन मीटिंग लागली की, आजीची पोळी तव्यावर असली की.

योगायोग बघा. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि त्याच वर्षी 15 सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचं पहिलं प्रक्षेपण झालं. एका वर्षात देशात दोन भट्ट्या पेटल्या. ब्लास्ट फर्नेस हवी तेव्हा लावली, हवी तेव्हा विझवली असं चालत नाही. आतला माल थिजला तर भट्टीच हातची जाते, म्हणून ती वर्षानुवर्षं रात्रंदिवस धगधगत ठेवतात. आमच्याकडे दुसऱ्या भट्टीलाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच, की प्लांटमधल्या भट्टीला कधीमधी दुरुस्तीसाठी शटडाऊन मिळतो.

प्लांटमध्ये काही बिघडलं की चौकशी बसते. सवयीने मी घरीही बसवली. प्रश्न एकच: पोरापुढे टीव्ही लावतं कोण?

चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी नाइट करून आलोय." म्हणजे त्यांना काही माहीत नाही. सूनबाई म्हणाल्या, "पुस्तक दाखवलं तर तो तोंड मिटून घेतो. टीव्ही लावला की तोंड उघडतं आणि मिटायचं विसरतं. त्या वेळात दहा घास आत जातात." तांत्रिकदृष्ट्या निर्दोष उत्तर. कन्व्हेयर बेल्टवर कोळसा टाकणाऱ्यालाही इतकी सलग फीड मिळत नाही. आता आपण काय खाल्लं हे पोराला ठाऊक नसतं, पण बेल्टलाही ते ठाऊक नसतंच.

आजीचं उत्तर मात्र तात्त्विक होतं. "मराठी कानावर पडावं म्हणून लावते."

माझी साक्ष झाली नाही. चौकशी अधिकाऱ्याची साक्ष घेण्याची पद्धत नाही. शिवाय तेव्हा मॅच चालू होती.

आजीच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण आम्हा छत्तीसगडी मराठी माणसांची ती दुखरी नस आहे. आम्ही इथे काल आलेलो नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांबरोबर आलो. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांनी राज्य केलं. 1956 पर्यंत आमचा कारभार नागपुरातूनच चालायचा. पण मराठीचं म्हणाल तर आमचा हात हिंदीकडे जरा सैल. माधवराव सप्रे 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढतात आणि छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचे आद्य पुरुष होतात. टिळकांचं ‘गीतारहस्य’ मराठीतून हिंदीत नेतात. मुक्तिबोध घरात मराठी बोलतात, राजनांदगावच्या कॉलेजात शिकवतात आणि हिंदी कविता पार बदलून टाकतात. घरात एकही कार्टून चॅनल नसताना या लोकांनी हे केलं! मग ज्या घरात दोनशे चॅनल येतात, तिथे मराठी वाचवायला आजीने टीव्ही कामाला लावला तर तिचं काय चुकलं?

योजना अशी: संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ मराठी मालिका. नातू मांडीवर, मालिका समोर, मराठी आपोआप आत. मालिकेत सासू सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते, सून जिन्यावरून पडते, नवरा स्मृती गमावतो, आणि हे सगळं शुद्ध मराठीत होत असल्यामुळे आमच्या घरात संस्कार म्हणून गणलं जातं. दिवसभराचा पाळणा हिंदी कार्टूनचा, मधल्या वेळेत मोबाइलवर इंग्रजी बालगीतं. त्या गाण्यांतली गाय अमेरिकन हंबरते. आमच्या सेक्टरात रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गायी वेगळ्या हंबरतात, पण त्या पाहायला पोराला बाहेर न्यावं लागतं.

तसं नेलंही एकदा. मैत्रीबागेत, पांढरा वाघ दाखवायला. 1972 पासूनची, भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाची बाग. भिलाईत वाढलेल्या प्रत्येक पोराने तिथला वाघ पाहिलेला असतो. वाघ झोपला होता. नातवाने वाघाकडे पाहिलं, दोन क्षण वाट पाहिली, मग माझ्यापुढे हात पसरला. आधी कळेना. मग कळलं. त्याला रिमोट हवा होता.

तर मराठी. गेल्या महिन्यात एका सकाळी आजी पोह्यांची बशी घेऊन बसली होती. नातवाने बशीकडे हात केला आणि स्वच्छ म्हणाला, "मोला!"

आजीने बशी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी. "ऐकलंत? ‘मला’ म्हणाला! मी म्हणत नव्हते?" लगेच पुण्याला बहिणीकडे व्हिडिओ कॉल. पुणेकर मावशीआजींनी तीनदा म्हणवून घेतलं आणि निदान केलं, "उच्चार जरा गोल आहे गं. वऱ्हाडी असेल." मालिकांच्या लेखकांचे मनोमन आभार मानून झाले. संध्याकाळची वेळ साडेनऊवरून दहापर्यंत वाढवावी असा ठराव आजीने मांडला आणि स्वतःच मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी औषधाचा चमचा पुढे येताच नातू मागे सरकला आणि म्हणाला, "मोला नई चाही."

‘नई’सुद्धा वऱ्हाडीत खपवता आलं असतं. ‘चाही’ला इलाज नव्हता; ते चोख छत्तीसगडी होतं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या ढिगामागून उत्तर आलं: "काबर नई चाही रे बाबू? एती आ, मैं देवत हंव." नातू दुडुदुडु तिकडे गेला आणि तोंड उघडून औषध घेऊन आला.

ती आमची कामाची बाई, खुर्सीपारहून येते. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. झाडू मारता मारता त्याच्याशी बोलत असते. पानी पीबे? का करथस? तो काही म्हणतो, ती थांबते, उत्तर देते. तो पुन्हा म्हणतो, ती हसते. मी कागदावर हिशेब मांडला. टीव्ही रोजचे नऊ तास, तीन भाषा, स्टीरिओ आवाज. ती तीन तास, एक भाषा, आणि त्यातही निम्मा वेळ नळ चालू. पोराच्या तोंडात गेल्या आठ महिन्यांत टीव्हीचा एक शब्द बसलेला नाही. तिचे चौदा बसलेत. भाषा-शिक्षणाचा भत्ता तिच्या पगारात नाही, हे आजीला सांगितलं तेव्हा आजीने विषय बदलला.

हे आमच्याच घरचं खूळ असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण असा प्रयोग सिअॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी केलेला आहे, 2003 साली तो छापूनही आला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. बारा बैठका, पुस्तकं आणि खेळणी घेऊन. बाळांचे कान चिनी ध्वनी वेगळे ओळखायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर दाखवलं. त्या बाळांनी काहीही उचललं नाही. पडदा थांबत नाही, पडद्याला बाळ दिसत नाही. त्यांना यासाठी प्रयोगशाळा लागली. आमच्याकडे खरकटी भांडी पुरली.

आणखी एक गोष्ट त्याच देशातली. बाळांना हुशार करणाऱ्या ‘बेबी आइनस्टाइन’ नावाच्या डीव्हीडी घरोघरी विकल्या गेल्या. 2009 साली डिस्ने कंपनीने त्यांचे पैसे परत देऊ केले. आजी म्हणाली, "मग आपणही मागू." कोणाकडे? आमच्या आइनस्टाइनने सगळं फुकटात पाहिलंय.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, स्पष्ट बोलले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, एक वर्षाच्यालाही नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते, दोनच्या आत शून्य. मी मान डोलावली. सूनबाईंनी मान डोलावली. नातवाने मात्र डोलावली नाही, कारण तो दाराच्या फटीतून बाहेरच्या वेटिंगमध्ये भिंतीवर लावलेलं कार्टून पाहत होता. आम्ही तिथे पाऊण तास थांबलो होतो. डॉक्टरांची फी शून्य तासांच्या सल्ल्याची, पाऊण तास वरकड.

या जिल्ह्याला बालकांच्या टीव्हीचा अनुभव नवा नाही, हे फार थोड्यांना आठवतं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, एक वर्ष, अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 गावांत टीव्ही दाखवला गेला. तेव्हाच्या मध्य प्रदेशातले रायपूर, बिलासपूर आणि आपलं दुर्ग त्यात होते. गावाला मिळून एक संच. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, पाच ते बारा वर्षांच्या. किती वेळ? साडेबावीस मिनिटं. साडेबावीस! जणू रेशनच्या साखरेसारखी मोजून दिली. अख्ख्या सरकारला, इस्रोला आणि उपग्रहाला मिळून जेवढं धाडस झालं नाही तेवढं आमची आजी एका नाश्त्याला करते. आणि वर्ष संपताच अमेरिकेने उपग्रह काढून घेतला. पोरांपुढून टीव्ही काढून घेण्याची इतकी खात्रीची पद्धत मी पुन्हा पाहिली नाही.

मग मीही एक प्रयोग केला. एका संध्याकाळी सात वाजता मेन स्विच खाली ओढला आणि "लाइट गेली" म्हणून जाहीर केलं. नातू दोन मिनिटं कुरकुरला, मग त्याला कढई आणि झारा सापडला. पुढचा तासभर आमच्या क्वार्टरमध्ये रोलिंग मिल चालली. तो खूश. चिरंजीवांनी चारदा विचारलं, लाइट कधी येणार. आजीने खिडकीतून समोरच्या क्वार्टरमध्ये दिवा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. सूनबाईंच्या मोबाइलची बॅटरी बारा टक्क्यांवर होती. आणि खरं सांगायचं तर सव्वाआठला स्विच वर केला तो मीच. शेवटची पाच षटकं राहिली होती.

चौकशीचा अहवाल इथे पूर्ण होतो. घरात टीव्हीचे पाच प्रेक्षक आहेत. त्यांतले चार सज्ञान आहेत आणि पाचव्याच्या नावावर बघतात.

आता अडचण अशी, की उद्या हरतालिका. इथे तिला तीजा म्हणतात, आणि तीजाला छत्तीसगडची बाई माहेरी जाते म्हणजे जातेच; प्लांट बंद पडेल, तीजा चुकणार नाही. आमची बाई आज संध्याकाळी गेली. जाताना नातवाने दारात तिचा पदर धरला आणि म्हणाला, "मोला." मलाही ने, असं म्हणत होता. ती पाच दिवसांनी येईल. तोवर पोराशी बोलायला, तो बोलला की थांबून ऐकायला आणि पुन्हा बोलायला एक माणूस हवंय. रोज तीन तास, भाषा कोणतीही चालेल. घरात चार सज्ञान माणसं आहेत. हे लिहीपर्यंत एकाचाही अर्ज आलेला नाही.