अधूनमधून सुरू होणारा लॅपटॉप

पूर्ण बंद पडलेला लॅपटॉप सुखाचा. तो दुकानात जातो, दुरुस्त होतो किंवा मोडीत निघतो. एक काय तो निकाल लागतो. अधूनमधून सुरू होणाऱ्या लॅपटॉपचा निकाल लागत नाही, त्याला नुसत्या तारखा पडतात. सोमवारी तो पहिल्याच दाबाला हजर होतो. मंगळवारी बोट दुखेपर्यंत बटण दाबले तरी ढिम्म हलत नाही. बुधवारी दुरुस्तीला न्यायचा म्हणून पिशवीत भरण्याआधी ‘एकदा बघूया’ म्हणावे, तर लखलखीत उजेड पाडून बसतो. साहजिकच पिशवी पुन्हा खुंटीला जाते. असा लॅपटॉप घरात वर्षानुवर्षे टिकतो तो या बुधवारांच्या जोरावर.

दोष समजून घ्यायचा तर आधी बटण समजून घ्यावे लागते. लॅपटॉपचे बटण म्हणजे दिव्याचा खटका नव्हे; तो एक अर्ज आहे. हा अर्ज ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाच्या चिपकडे जातो. लॅपटॉप ‘बंद’ असतानाही ही चिप जागी असते. चार्जर लागला आहे का, बॅटरीत जीव आहे का, झाकण उघडे आहे का, हे ती पाहते. तिचे समाधान झाले की चार्जरकडून आलेल्या साधारण १९ व्होल्टांचे ५, ३.३ आणि प्रोसेसरसाठी सुमारे १ व्होल्ट असे वाटे पाडले जातात, तेही ठरलेल्या क्रमाने. प्रत्येक व्होल्टेजने आपली हजेरी द्यायची असते. एकाने जरी दांडी मारली तरी पुढचे सगळे थांबते, आणि बहुधा कोणाला काही न सांगता थांबते. सगळे हजर असले तर प्रोसेसर जागा होतो, बायॉस चालू लागते, रॅम तपासली जाते, पडदा उजळतो, डिस्क सापडते आणि मग कारभार विंडोजच्या हाती जातो.

म्हणून ‘चालूच होत नाही’ या तक्रारीवरून काहीच कळत नाही. एकही दिवा न लागणे ही एक गोष्ट. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, ही दुसरी. कंपनीचे बोधचिन्ह येते आणि त्याखाली ठिपके गोल गोल फिरत राहतात, ही तिसरी. तिन्हींची कारणे वेगळी, उपाय वेगळे, खर्चही वेगळा. घरात मात्र तिन्हींसाठी एकच वाक्य असते: ‘गेला वाटतं!’

यानंतर तोडगे सुरू होतात. १९४८ साली बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतराला पिंजऱ्यात ठेवायचे आणि ठरावीक वेळाने दाणे द्यायचे. कबुतर काय करते याच्याशी दाण्यांचा काही संबंध नाही. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना पक्के विधी जडले. एक गिरक्या घेऊ लागले, एक वरच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. दाणे पडताना आपण जे करत होतो त्यानेच दाणे पडले, असा जणू त्यांचा ग्रह झाला. लॅपटॉपवाल्या घरात या प्रयोगाला पिंजरा लागत नाही. वडील चार्जर आधी भिंतीत आणि मगच लॅपटॉपला, या क्रमावर अडून बसतात. आईच्या मते थोडा वेळ उन्हात ठेवला की लागतो. मुलगा झाकण अर्धे मिटून उजव्या कोपऱ्यावर चापट मारतो. काकूंच्या हाताला तर तो लागतोच. त्यांचा हातगुण शेजारच्या बिऱ्हाडालाही ठाऊक असतो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा या सगळ्यांना हसतो आणि स्वतः बटण दाबून धरून मनात तीसपर्यंत आकडे मोजतो.

गंमत अशी की यातले काही तोडगे खरे असतात. चापटीने सुरू होणाऱ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी सैल आहे: रॅम, एखादी केबल किंवा तडा गेलेला सोल्डरचा टाका. उन्हात ठेवल्यावर सुरू होणाऱ्यात धातू तापून प्रसरण पावतो आणि तडा तात्पुरता सांधतो, किंवा पावसाळ्यात आत शिरलेली ओल सुकते. भाच्याचे आकडेही निराधार नाहीत. चार्जर काढून, निघत असेल तर बॅटरीही काढून बटण दाबून धरले की सर्किटमध्ये उरलेला चार्ज निघून जातो आणि भलत्याच अवस्थेत अडकलेला कंट्रोलर नव्याने सुरुवात करतो. घोटाळा होतो तो सगळे तोडगे एकदम केल्याने. चापट मारून, उन्हात ठेवून, चार्जर बदलून आणि काकूंना बोलावून लॅपटॉप सुरू झाला, तर श्रेय कोणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. घरात ते वयाच्या क्रमाने वाटले जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे, एवढीच या शास्त्राची पद्धत आहे. वही कागदाचीच हवी. लॅपटॉप अवेळी बंद पडला तर पुढच्या वेळी विंडोज ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद करून ठेवते. पण जो सुरूच झाला नाही त्याची नोंद करायला आत कोण जागे असणार?

एकही दिवा लागत नसेल तर पहिला संशय भिंतीवर घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्डातला सॉकेट ढिला असतो, किंवा चार्जरची वायर पिनेजवळ आतल्या आत तुटलेली असते. अशी वायर एका विशिष्ट कोनात धरली की चार्जिंगचा दिवा लागतो. तो कोन सापडणे म्हणजेच दुरुस्ती, असे अनेक घरांत मानले जाते. मग वायरीखाली काडेपेटी सारून तो कायम केला जातो. खरा उपाय म्हणजे त्याच व्होल्टचा आणि पुरेशा वॉटचा दुसरा चार्जर मागून आणून लावून पाहणे. टाइप-सी चार्जरची तऱ्हा निराळी. तिथे चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलणी करतात, ५ व्होल्टांपासून २० व्होल्टांपर्यंत किती द्यायचे ते ठरवतात, आणि मोबाइलचा किरकोळ चार्जर पुढे केला तर बोलणी फिसकटतात. याच वेळी टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो का, तेही पाहावे. दिसला तर बॅटरी फुगली आहे. ती टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. लॅपटॉप थेट दुकानात न्यावा. या लेखातली एवढी तीन वाक्ये हसण्यासाठी नाहीत.

दिवा आहे पण पडदा काळा, या प्रकारात अंधारात मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरावा. अंधुक चित्र दिसले तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. टीव्हीला केबल जोडूनही हे कळते. काही लॅपटॉप बीप देऊन किंवा कॅप्स लॉकचा दिवा मिचकावून आपले दुखणे सांगतात. ते ठोके मोजून कंपनीच्या पुस्तिकेत पाहावेत. रॅमचा संशय असेल तर वीज आणि बॅटरी दोन्ही तोडून रॅम काढतात, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतात आणि पुन्हा बसवतात. या उपायावर कितीतरी दुकानांचे भाडे निघते.

पण सगळ्यांत खट्याळ कारण चुंबकाचे. झाकण मिटले की नाही हे लॅपटॉपला डोळ्यांनी दिसत नाही. बऱ्याच लॅपटॉपच्या झाकणात चुंबक आणि खालच्या भागात हॉल सेन्सर असतो. चुंबक जवळ आला की झाकण मिटले, असा त्याचा हिशेब. मनगटावर चुंबकी पट्ट्याचे घड्याळ असले, किंवा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला असला, तर उघड्या झाकणानिशी तो झोपी जातो. म्हणजे काकूंचा हातगुणही तपासायलाच हवा. त्या घरात घड्याळ न घालणाऱ्या कदाचित त्या एकट्याच असतील.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ठिपके फिरत राहतात तेव्हा, डिस्क खराब होत चाललेली असते किंवा विंडोज बिनसलेली. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर लॅपटॉप पुरता बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. गाभ्यात कालचा बिघाड असेल तर तोही इमानाने परत येतो. खरे बंद करायचे तर शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे. ‘रीस्टार्ट’नेही तेच साधते. म्हणजे पुन्हा सुरू करणे हेच बंद करण्यापेक्षा अधिक बंद करणे ठरते. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

एवढे करूनही निदान झाले नाही की लॅपटॉप दुकानात जातो. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडला जातो, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी टॅक्सीवाले आणि रॅमवाले जुनेच नाव घेतात. तिथे काउंटरवर ठेवल्याबरोबर तो सुरू होतो. ‘साहेब, चालू तर आहे की!’ हे शब्द ऐकल्याशिवाय या दोषाचे निदान पुरे होत नाही. वास्तविक यात चमत्कार काही नाही. लोकलच्या धक्क्यांनी सैल रॅम जागेवर बसलेली असते, पिशवीत बोर्ड किंचित तापलेला असतो, आणि दुकानातला चार्जर शाबूत असतो. चालू लॅपटॉप समोर असला की कारागीर ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणतो. म्हणूनच घरी तो सुरू होत नसताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवणे हा उत्तम पुरावा.

उरतो तो मदरबोर्ड. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध घातले, आणि जगभर बिनशिशाचे सोल्डर वापरात आले. त्याच सुमारास एन्व्हिडिया कंपनीच्या काही लॅपटॉप चिप तापून-निवून आतल्या सांध्यांत निकामी होऊ लागल्या. त्यापायी २००८ साली कंपनीने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळात हौशी लोकांनी मदरबोर्ड सोडवून चक्क स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले. काही बोर्ड त्यानंतर चाललेही, पण काही दिवस किंवा काही आठवडेच. दुकानातल्या हॉट एअर गनचाही असर बरेचदा तेवढाच टिकतो, फक्त घरातला ओव्हन वाचतो.

मदरबोर्डाचा खर्च ऐकल्यावर घराचे एकमत होते ते लॅपटॉप बंदच न करण्यावर. झाकणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लागते, कामवाल्या बाईंना प्लगची ताकीद मिळते, आणि लॅपटॉप कायमचा झोपेत राहतो. या व्यवस्थेला धोका एकच, विंडोजच्या अपडेटचा. ते रात्री-बेरात्री आपणहून रीस्टार्ट करते. ते टाळण्यासाठी सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ देता येतात, जास्तीत जास्त १८ तास. उरलेल्या सहा तासांची जबाबदारी कोणीही घेत नाही.