सवाईच्या स्वेटरसाठी लुधियाना

पुण्याहून लुधियानाला लोक धंद्यासाठी जातात, लग्नाला जातात, नाहीतर झेलम एक्स्प्रेसमध्ये डोळा लागून लुधियाना मागे टाकतात आणि जालंधरला उतरतात. आम्ही लोकर आणायला गेलो. लोकर पुण्यातही मिळते, हे मी मावशीला सांगून पाहिलं.

"मिळते ना. एका लॉटचे चार गुंडे मिळतात," मावशी म्हणाली. "चार गुंड्यांत काय होतं? तुझं टोपडं."

मावशीची सगळी नोकरी बँकेत गेली, तीही तपासणी खात्यात. आता तपासायला शाखा उरल्या नाहीत म्हणून तिने स्वतःचं कपाट तपासलं. त्यासाठी कापडी पुठ्ठ्याची वही घातली आणि रकाने आखले : प्रसंग, अंगावरचे कपडे, थंडी, उपलब्ध स्वेटर आणि शेवटी लाल शाईत तूट. आमच्या घराण्यात मूल जन्मलं की जन्मदाखल्याच्या आधी मावशीचे टोपी-मोजे पोचतात. जावई, दीर, शेजारी, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळ्यांना तिने विणून घातलं आहे. तिच्या स्वतःच्या 'उपलब्ध' रकान्यात मात्र एकच नोंद होती : 'दादाने टाकलेला काळा. कोपराला भोक.'

तुटीची कलमं वाचनीय होती. पर्वती चढायला पुढून उघडा, दोन खिशांचा स्वेटर हवा, एक किल्लीसाठी आणि एक आल्याच्या वडीसाठी. डिसेंबरातल्या लग्नांना रेशमी साडीवर पाऊण बाहीचा हवा, म्हणजे बांगड्या दिसतील. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ती बँकेत जाते, तिथल्या एसीसाठी एक. ("हयात आहे हे सांगायला जायचं आणि तिथेच काकडून मरायचं, असं नको.") पण सगळ्यांत वरचं कलम होतं सवाईचं. 1953 साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव भर डिसेंबरात, उघड्या मैदानावर होतो. तिथे मावशी आजवर शाल घेऊन बसत आली.

"शाल कुचकामी," तिचा निकाल. "दाद द्यायला हात वर गेला की शाल खाली. गवई समेवर आणि मी खुर्चीखाली."

विमानाचा प्रश्नच नव्हता. "तपासणीत माझ्या सुया काढून घेतल्या तर?" म्हणून झेलम. पुण्याहून संध्याकाळी निघते आणि दोन रात्री खाऊन पंजाबात पोचवते. मावशीच्या मते स्वेटरचा नमुना विणायला ही उत्तम गाडी आहे.

नमुना म्हणजे दहा सेंटीमीटरचा चौकोन. तो विणून टाके मोजायचे आणि त्यावरून पुढचा सगळा हिशेब. आपण न विणणारी माणसं ही पायरी गाळून मोकळी झालो असतो. मावशीने दहा नंबरच्या सुया काढल्या. खांडव्यापासून इटारसीपर्यंत चौकोनात 28 टाके बसले. भोपाळ सोडल्यावर दुसरा विणला, त्यात 26.

"गाडीने वेग घेतलाय. हात सैल पडतोय," ती म्हणाली.

"दोन टाक्यांनी काय होतंय?"

तिने वही उघडली. 28च्या हिशेबाने घेराला 284 टाके घालायचे. हात 26चा पडला, तर तेच टाके सुमारे आठ सेंटीमीटर जास्त पसरणार. "आठ सेंटीमीटर! म्हणजे मी आत आणि बाजूला तू." झाशीपर्यंत तिने तिसरा चौकोन विणला आणि त्याच्या शेजारी वहीत 'गाडी उभी असताना' असा शेरा मारला.

समोरच्या बर्थवर साताऱ्याकडचा एक जवान होता. सुट्टी संपवून जम्मूला निघालेला. घरी आठ महिन्यांची मुलगी. त्याने लाडू दिले, मुलीचे फोटो दाखवले आणि मग हळूच विषय काढला, "मावशी, आमच्या पोरीला एखादी टोपी हुईल का?"

मला वाटलं, झालं. जुन्या सवयीने मावशी आता टाके घालणार आणि सवाईचा स्वेटर आणखी एक वर्ष पुढे जाणार. पण तिने वहीत पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "यादीत नाही."

जवानाचा चेहरा पडला.

"पण तुला शिकवते. धर ही लड."

लोकर लडीत असली की कुणीतरी दोन्ही हातांत ती ताणून धरायची आणि दुसऱ्याने गुंडाळत गुंडा करायचा. जवानाने कोपरांतून हात वर केले, मावशीने त्यांवर लड चढवली आणि ती समोर बसून सपासप गुंडाळू लागली. नेमका तेव्हाच टीसी आला. त्याने आधी लष्करी बॅगेकडे पाहिलं, मग वर केलेल्या दोन हातांकडे, मग मावशीकडे.

"सब ठीक है ना, जवान?"

"ठीक आहे साहेब," तो हात जराही न हलवता म्हणाला. त्याचं तिकीट मावशीने त्याच्या खिशातून काढून दाखवलं.

टोपीला सुरुवात बॉर्डरपासून. दोन सुलट, दोन उलट. ते ताणलं जातं म्हणून टोपी डोक्याला धरून राहते. जवानाने ते कवायतीच्या चालीवर बसवलं : दोन सुल-लट, दोन उल-लट! ग्वाल्हेरपर्यंत अख्खा डबा त्या तालावर होता. मधेच मावशीने त्याला ऐकवलं की 1962च्या लढाईत घरोघर जवानांसाठी स्वेटर विणले जात होते, ती शाळेत होती आणि तिच्या वाट्याला मफलर आला होता.

"तवा माझे आजोबा होते फौजेत," तो म्हणाला.

"मग गळ्यात लांबलचक, एका बाजूला निमुळता होत गेलेला मफलर घालायचे का ते, आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. मावशीला हायसं वाटलेलं दिसलं.

सकाळी लुधियानाला उतरलो. देशातल्या लोकरीच्या कपड्यांची ही राजधानी. थंडी पडली की आपल्याकडे रस्त्याच्या कडेला तिबेटी मंडळी स्वेटर विकायला बसतात, त्यांचाही बहुतेक माल इथलाच. मऊ मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी तिच्यापुढे राकट. तिचं घोंगडं उत्तम होतं, पण ते घालून पाऊण बाहीतल्या बांगड्या कुणी दाखवत नाही.

चौडा बाजारात मावशी एका दुकानात शिरली आणि मोरपंखी गुंडा उचलून म्हणाली, "ये सच्चा है क्या?" उत्तराची वाट न पाहता तिने टोकाचा धागा तोडला, पर्समधून काडेपेटी काढली आणि पेटवली. छतापर्यंत लोकर रचलेल्या दुकानात काडी पेटवणारं गिऱ्हाईक त्या मालकाने आयुष्यात पाहिलं नसावं. नोकर पाण्याची बाटली घेऊन धावला. मावशी शांतपणे धागा जाळत होती. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख चिमटीत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला.

"ये ॲक्रेलिक है!"

"माताजी, मैंने ऊन कब बोला? डिब्बे पे लिखा है!"

लिहिलं होतं. मावशीने काडेपेटी आत ठेवली, त्याला "बहुत अच्छा" असं प्रमाणपत्र दिलं आणि बैठक मारली. खरी लोकर निघाली, पण खरा सामना लॉट नंबरचा होता. एका हौदात एकदम रंगलेला माल म्हणजे एक लॉट. पुढच्या हौदात रंग तोच असला तरी छटा किंचित हलते. दुकानातल्या दिव्यात ते कळत नाही, उन्हात पोटावर पट्टा दिसतो. मावशीला सवाईसाठी 50 ग्रॅमचे दहा गुंडे हवे होते, नऊ विणायला आणि एक अडीनडीला. ती प्रत्येकाची चिठ्ठी व्हाउचर तपासल्यासारखी तपासत होती. नऊ जुळले. दहाव्यासाठी मालकाने तीन फळ्या, एक माळा आणि समोरच्या भावाचं दुकान रिकामं केलं. गुंडा सापडला तेव्हा आनंद मावशीपेक्षा त्यालाच जास्त झाला. त्याने लस्सी मागवली.

परतीच्या गाडीत आमचे दोन बर्थ लोकरीने भरले होते आणि मी बाजूच्या कठड्यावर टेकलो होतो. तेवढ्यात जवानाचा व्हॉट्सॲप आला : टोपी, पूर्ण, गोंड्यासकट. मावशीने फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

"एक उलट सुलट झालाय. त्याला लिही, तिथपर्यंत उसव म्हणावं."

"अगं मावशी, तो बॉर्डरवर आहे!"

"दिसतंय मला," ती फोन परत देत म्हणाली. "बॉर्डरलाच चुकलंय."