एनी क्वेश्चन्स फॉर अस?

माहितीच्या अधिकाराचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 रोजी देशभर लागू झाला आणि त्याखालचा पहिला अर्ज दाखल झाला तो पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात. यात कुणाला नवल वाटलं नाही. पुणेकर जन्मजात अर्जदार. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना ती कुठल्या गावची आणि काल निम्म्या भावात कशी होती, हे तो विचारणारच. भाड्याचं घर बघायला गेला तर आधीचा भाडेकरू का गेला हे मालकाला, वॉचमनला आणि खालच्या वाण्याला वेगवेगळं विचारून तिन्ही जबान्या ताडून पाहतो.

हाच माणूस खराडीतल्या किंवा बाणेरातल्या काचेच्या इमारतीत मुलाखतीला बसतो. तासभर झाडाझडती झाल्यावर एचआरच्या बाई हसून म्हणतात, “एनी क्वेश्चन्स फॉर अस?” आणि अर्जदाराची वाचा बसते.

अगदीच बसते असं नाही. तो पाठ केलेलं म्हणून दाखवतो. “पहिल्या नव्वद दिवसांत माझ्याकडून काय अपेक्षा असतील?” “कंपनीचं कल्चर कसं आहे?” असले प्रश्न शिकवणारे क्लास आहेत, रील तर ढिगाने आहेत. या प्रश्नांची खुबी अशी की त्यांचं उत्तर कुणालाच नको असतं. विचारल्याचे मार्क मिळतात, पेपर संपतो. कल्चर विचारलं की “आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत” हे उत्तर ठरलेलं. त्या एकत्र कुटुंबात आपण सर्वांत धाकटी सून म्हणून चाललो आहोत, हे पोराला रुजू झाल्यावर कळतं.

खरा पुणेरी प्रश्न असा असायला हवा: “मॅडम, तुमच्याकडे शॉप अ‍ॅक्टचं लायसन आहे ना?”

हसू नका. हा प्रश्न वडापावच्या दुकानाला विचारायचा, बहुराष्ट्रीय कंपनीला नाही, असा आपला समज. जुलै 2024 मध्ये पुण्यात एका जगप्रसिद्ध लेखापरीक्षण कंपनीतली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं; कंपनीने ते मान्य केलं नाही. सप्टेंबरात ते पत्र देशाने वाचलं, तेव्हा राज्याचे कामगार अधिकारी कार्यालयात तपासणीला गेले. त्यांना आढळलं ते असं की ते कार्यालय 2007 पासून शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीशिवाय चाललं होतं. नोंदणीसाठी अर्ज केला होता तो फेब्रुवारी 2024 मध्ये, आणि तो फेटाळला गेला होता. दुसऱ्यांचे हिशेब आणि कागदपत्रं तपासणं हाच धंदा असलेली ही कंपनी! सतरा वर्षांत तिथे मुलाखतीला गेलेल्या इतक्या हुशार मुलांपैकी कुणाला हा प्रश्न सुचला असेल असं वाटत नाही. सरकारलाही सुचला नव्हता, हेही लिहून ठेवायला हवं.

त्याच कायद्याच्या 2017 च्या अवतारात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट दर असं स्वच्छ लिहिलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 9 चे 10 तास करायला मान्यता दिली. आयटीतल्या मुलांना ही बातमी वाचून वाईट वाटलं नाही. आपण रोज फक्त नऊच तास काम करायचं होतं, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. तेव्हा “ओव्हरटाइम दुप्पट देता का?” हे विचारून बघा. “आमच्याकडे वेळा फ्लेक्सिबल आहेत” असं सांगतील. वाकायचं कुणी, हा उपप्रश्न तयार ठेवा. आणि पदाच्या नावात ‘मॅनेजर’ असेल तर सावध राहा. व्यवस्थापकीय पदांना हे तास लागू नाहीत, म्हणून हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर या शहरात बक्कळ सापडतात.

पगाराचं गणित थोडक्यात सांगतो. सीटीसी म्हणजे पगार नव्हे. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा असतो, विम्याचा हप्ता असतो, ‘कंपनीची कामगिरी चांगली झाल्यास’ मिळणारी रक्कम असते आणि मूळ वेतनाच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही असते. कायम नोकरीत ती पाच वर्षं टिकल्यावर मिळते, पण मोजतात पहिल्या दिवसापासून. “महिन्याच्या शेवटी खात्यात नेमके किती जमा होतील?” हा प्रश्न विचारायला लाज वाटते म्हणे. वाण्याकडे आठ रुपयांचा हिशेब चुकला तर वाटत नाही.

नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे का, बाँड आहे का, हेही विचारावं. बाँडकडे ‘कोर्टात टिकत नाही’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या काकांचं ऐकू नका. एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बाँड सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये ग्राह्य धरला आहे. पण माझा सर्वांत आवडता प्रश्न भाडेकरूचाच: “ही जागा रिकामी का झाली?” उत्तर येतं, “आम्ही एक्स्पान्ड होतोय.” मग हिंजवडीच्या फेज तीनमध्ये बोलावणाऱ्या साहेबांना सहज विचारावं, “सर, आपण घरून किती वाजता निघता?” साहेब भूमकर चौकातल्या कोंडीच्या आठवणीने हळवे होतात आणि तासाभरात पहिल्यांदा खरं बोलतात.

आता कुणी म्हणेल, लिहायला तुमचं काय जातंय! बरोबर आहे. जानेवारी 2025 मध्ये मगरपट्ट्यात एका कंपनीच्या वॉक-इन मुलाखतींसाठी लागलेल्या रांगेचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. हजारो इंजिनिअर, हातात फाइल, डोक्यावर ऊन. त्या रांगेतल्या पोराने आत जाऊन शॉप अ‍ॅक्टचं लायसन मागावं, असं सांगणारा माणूस एक तर निवृत्त असतो किंवा सदर लिहीत असतो. त्याआधी तीनेक वर्षं याच शहरात एकेका पोराच्या खिशात तीन-तीन ऑफर लेटर होती आणि एचआर त्याच्या फोनची वाट बघत होतं. तेव्हा मुलं बिनधास्त विचारत होती. फक्त विचारत होती ते बुडाखालच्या बीनबॅगबद्दल.

म्हणून रांगेतल्यांसाठी आडवाट सांगतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या इमारतीबाहेरच्या टपरीवर चहा घ्या. कॅब किती वाजता सुटतात, रात्री दहाला कुठल्या मजल्यावर दिवे असतात आणि कुणाची उधारी बुडवून कोण गेलं, हे टपरीवाला विनामूल्य सांगतो. त्याला एनडीएवर सही करावी लागत नाही.

आणि आत जे काही तोंडी सांगितलं जाईल, ते त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून एचआरला मेल करा. तास, हातात येणारा पगार, रुजू व्हायची तारीख, सगळं त्यात लिहा. नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितांखाली प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, ते मागायला संकोच नको. मेलला आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर दुसरीकडे अर्ज करा.