फक्त पार्टसाठी

जुन्या तीनचाकी गाड्या घरच्या घरी दुरुस्त करणारा गृहस्थ अमेरिकेतल्या कुठल्याही लहान गावात सापडतो. त्याची ओळखायची खूण सोपी आहे. रोजची मोटार बर्फात उभी असते आणि गॅरेजात १९८०च्या दशकातली होंडा एटीसी ही लाल तीनचाकी ‘जवळजवळ तयार’ असते. चॅसी एका कोपऱ्यात, टाकी दुसऱ्या, इंजिन टेबलावर. पाहुणा वर्गणी मागायला आलेला असला तरी पाचव्या मिनिटाला त्याला ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ ऐकावा लागतो, कारण १९७१च्या त्या चित्रपटात जेम्स बाँडने हिचीच थोरली बहीण वाळवंटात पळवली आहे.

गाडीची कुळकथा त्याला तोंडपाठ असते. हिवाळ्यात मोटारसायकलींना गिऱ्हाईक नसतं, तेव्हा विकायला दुसरं काहीतरी द्या, असा अमेरिकेतल्या विक्रेत्यांचा धोशा होता. होंडाच्या ओसामू ताकेउची या अभियंत्याने त्यावर तोडगा काढला आणि १९७० मध्ये ८९ सीसी इंजिनाची, तीन फुगीर टायरांची गाडी बाजारात आली. तिला ना स्प्रिंग, ना शॉक ॲब्सॉर्बर. धक्के काय ते टायरनी सोसायचे. म्हणून त्यांत हवा दोन-सव्वादोन पीएसआय, मोटारीच्या टायरात असते तीसच्या वर. एवढी कमी हवा पेट्रोल पंपावरच्या मीटरला कळतच नाही. त्यासाठी वेगळं मीटर लागतं, आणि त्याला घरातल्या इतर कोणी हात लावलेला तीनचाकीवाल्याला खपत नाही.

दुरुस्तीची सुरुवात दुसरी गाडी विकत घेण्यापासून होते. पहिलीचा मागचा ॲक्सल गंजून बसलेला असतो. नवा मिळत नाही. मिळाला तर त्या पैशात अख्खी गाडी येते. म्हणून कुठल्यातरी शेतावरून एक मोडकी एटीसी उचलून आणली जाते आणि घरात सांगितलं जातं, “फक्त पार्टसाठी.” रात्री पाण्याचा फवारा मारल्यावर कळतं की हिची चॅसी पहिलीहून सरळ आहे. अशी गाडी फोडायची म्हणजे पापच. मग पहिली हिच्या पार्टसाठी. पण पहिलीची टाकी तळातून सडलेली, म्हणून तिसरी. तिसरी दोरीच्या दुसऱ्याच हिसक्याला सुरू होते, आणि चालत्या गाडीला कोण पाना लावणार? चौथीच्या वेळी तो तोंड उघडण्याआधी बायकोच म्हणते, “हो, पार्टसाठी.” तो आनंदाने मान हलवतो. त्यातली खोच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

खोलायला घेतल्यावर पहिला अडसर स्क्रूंचा. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली साध्या स्टार ड्रायव्हरच्या मापाची दिसते, पण नसते. जोर लावला की ड्रायव्हर बाहेर सटकतो आणि फुलीची वाटी होते. जपानी मापाचे ड्रायव्हर वेगळे मिळतात. तीनचाकीवाला ते सहा स्क्रूंचा बळी दिल्यानंतर मागवतो आणि पुढची दहा वर्षं भेटेल त्याला या विषयावर उपदेश करतो. टाकीतला गंज काढायला लोणच्याच्या हंगामाला पुरेल एवढा व्हिनेगर खर्ची पडतो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा धरलेला असतो, तो गिटारच्या बारीक तारेने. गिटार अर्थात मुलीची.

इंजिन जोडायची वेळ आली की कारखाना स्वयंपाकघरात सरकतो. बेअरिंग पोलादी, केसिंग ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली आणि केसिंग सकाळी ओव्हनमध्ये. घरभर तेलाचा वास. जाड हातमोजे घालून तो केसिंग ओट्यावर ठेवतो, गार बेअरिंग दोन बोटांत धरतो आणि सोडतो. हातोडी नाही, दाब नाही. बेअरिंग ‘टक्’ करून आपल्या घरात बसतं. त्या क्षणी त्याचा चेहरा पाहिला तर, नाइलाजाने का होईना, हे मान्य करावं लागतं की एवढं समाधान फार कमी लोकांना स्वतःच्या ओट्यावर मिळतं.

या माणसाला तिरस्कार एकाच गोष्टीचा : चारचाकी एटीव्ही. त्याच्या मते ती चाकं लावलेली खाट आहे. बसणाऱ्याला काही यावं लागत नाही. तीनचाकीला यावं लागतं, हे मात्र खरं. आपल्या रिक्षाच्या मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरू शकतं. एटीसीची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात. अंग आत झुकवून वजन बाहेरच्या पायावर टाकायचं, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. नवशिका तोल जातोय असं वाटून पाय जमिनीला टेकवतो, आणि मागचं चाक त्याच पायावर चढतं. जखमी झालेल्यांत आणि दगावलेल्यांत पोरंसोरं फार होती. प्रकरण कोर्टात गेलं, १९८८च्या समझोत्याने कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं आणि २००८च्या कायद्याने त्यांच्या आयात-विक्रीवर बंदीच आली.

तीनचाकीवाल्याच्या उजव्या पोटरीवर त्या मागच्या चाकाचा व्रण असतो. अकराव्या वर्षी, हेल्मेट न घालता, थोरल्या भावाच्या मागोमाग शेताच्या बांधावरून जाताना झालेला. पाहुण्यांना तो हौसेने दाखवतो. भाऊ आता दूरच्या राज्यात राहतो आणि नाताळाला फोन करतो. तेव्हा दोघांचं अर्धा तास बोलणं होतं ते कार्बोरेटरवर.

गाडी शेवटी खरोखरच तयार होते. तो हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासतो, दुसऱ्या गिअरवर अंगणात दोन फेऱ्या मारतो आणि तिला परत आत नेऊन पुसतो. आता माझी पाळी, म्हणून मुलगा उभा असतो. त्याला बेअरिंग बसवता येतं, जेट साफ करता येतो, दोरी ओढून इंजिनही सुरू करता येतं. चालवायला मात्र मिळत नाही. वाढदिवसाला त्याच्यासाठी चारचाकी येते, लहान मुलांची, वेग बांधून ठेवलेली. खाटेचा विषय त्या दिवशी कोणी काढत नाही. ती बटण दाबताच सुरू होते आणि तिच्या पार्टसाठी अजून दुसरी आणावी लागलेली नाही.